कॅप दरवेळी उंचच बसते, फेसबो घेतला तरी! नेमकं कुठं चुकतंय ते शोधायचं कसं

कोल्हापुरात राजारामपुरीत माझं दातांचं क्लिनिक आहे आणि मधली दीड-दोन वर्षं माझा एक ठरलेला कार्यक्रम होता, लॅबमधनं क्राउन (म्हणजे कॅप) आला की बसवायचा, डाग पाडणारा निळा कागद चावायला द्यायचा, घासायचं, परत कागद, परत घासायचं, अर्धा तास गेला की तिकडं पेशंटचा जबडा दुखतोय आणि इकडं आपली मान. झिर्कोनिया असेल तर ग्लेझ (वरची चकाकी) गेलेलं, पॉलिश करत बसा, पीएफएम (धातूवर पोर्सेलीन) असेल तर खालनं ओपेक (धातू झाकणारा थर) दिसायला लागलेलं. मंगळवार पेठेतल्या एक मावशी आहेत, त्यांनी मला नीट सांगितलं, "डॉक्टर, मी भाकरी चावतो तवा ही टोपी आदी टेकती बघा, बाकीचं दात कामावरच येईनात." (आमच्याकडं बायका पण 'मी चावतो'च म्हणतात, बाहेरच्यांनी गोंधळू नये.) हाय पॉइंटची यापेक्षा चांगली व्याख्या मला बीडीएसला कुणी शिकवली नव्हती.

मग मी काय केलं, तर जे सगळे करतात तेच. लॅब बदलली. तिथनं पण उंचच. मग एका कोर्सला जाऊन आलो आणि जोशात फेसबो (वरच्या जबड्याची जागा उचलायची चौकट) आणि सेमी-अ‍ॅडजस्टेबल आर्टिक्युलेटर (दातांची मॉडेलं बसवून जबड्यासारखी हलवायचं मशीन) घेऊन टाकला, चांगले पैसे घातले. पहिल्या पाच-सहा केस अगदी साग्रसंगीत, इअरपीस कानात, दातांचा ठसा घेणारा फोर्क तोंडात, पेशंट घाबरलेला, असिस्टंट फोटो काढतेय. आणि क्राउन? उंचच. मला वाटलं फेसबो बोगस आहे. बोगस नव्हता, मी त्याला जे काम सांगत होतो ते त्याचं कामच नव्हतं, हे कळायला अजून सहा महिने गेले. ज्यांचं असंच चाललंय त्यांच्यासाठी लिहितोय, पोस्ट लांब होणार आहे.

घासायच्या आधी एक बघा, क्राउन पूर्ण बसलाय का? हे इतकं साधं आहे की आपण विसरतो. शेजारच्या दाताला कॉन्टॅक्ट टाइट असला की क्राउन वरच लटकतो, आपल्याला वाटतं बाइट (दातांवर दात मिटणं) उंच आहे, आणि आपण वरनं घासत सुटतो. फ्लॉस घाला, अडकून फाटत असेल तर आधी कॉन्टॅक्ट सोडवा, मार्जिनवर (क्राउनच्या कडेवर) टोकदार एक्सप्लोरर फिरवा, क्राउनच्या आत बारीक मेटलची गुठळी किंवा सिरॅमिकचा थेंब आहे का ते फिट चेकर लावून बघा. आणि ट्रायलला बरोबर होता, सिमेंट लावल्यावर उंच झाला, असं असेल तर लॅबला फोन करू नका, ती चूक आपली आहे, सिमेंट घट्ट झालं होतं नाहीतर जास्त भरलं होतं. सिमेंटची फिल्म २५ मायक्रॉनच्या आसपास राहायला पाहिजे, आपण लाडू वळल्यासारखं भरलं तर कसं राहील?

क्राउन नीट बसलाय आणि तरी उंच आहे, मग खरा प्रश्न विचारायचा: नुसतं तोंड मिटताना उंच लागतोय का बाजूला सरकवताना अडतोय? दोन रंगांचे कागद वापरा. लाल लावून डावं-उजवं-पुढं सरकवायला सांगा, मग निळा लावून नुसतं टकटक चावायला सांगा. निळा डाग ठळक आणि मध्ये पांढरा ठिपका, म्हणजे मिटतानाच उंच. निळं बरोबर आहे पण कस्पच्या (दाताच्या उंचवट्याच्या) उतारावर लाल ओरखडे, म्हणजे सरकताना अडतंय. या दोन गोष्टींची कारणं पूर्ण वेगळी आहेत आणि माझा सगळा गोंधळ यातच होता. मिटतानाची चूक शंभरातल्या बहुतेक वेळा इम्प्रेशन (दातांचं माप), मॉडेल आणि बाइटच्या ठशामधली असते, तिथं फेसबो लावा नाहीतर डोक्यावर फेटा बांधा, फरक पडत नाही. सरकतानाची असेल तरच आर्टिक्युलेटरच्या सेटिंगकडं बघायचं.

आणि हो, कागद २०० मायक्रॉनचा जाडजूड वापरत असाल तर आधी तो बाजूला ठेवा, तो सगळीकडंच डाग पाडतो. ४० चा घ्या. आणि खुर्ची सरळ करून, पेशंटला बसतं करून चेक करा, आडवं झोपल्यावर खालचा जबडा मागं जातो. ब्लॉक (ती बाजू बधिर करणारं इंजेक्शन) दिलेला असेल तर "आता कसं वाटतंय?" विचारून उपयोग नाही, त्याला ओठ कुठं आहे ते कळत नाहीय, बाइट काय कळणार. एरवी माणसाला दातांमधले २० मायक्रॉन सुद्धा जाणवतात, म्हणून तर मावशींना कळलं आणि मला दिसलं नाही.

आता मिटतानाचं. इथं माझं हत्यार म्हणजे शिमस्टॉक, ती चमकणारी ८ मायक्रॉनची पट्टी. प्रेप (क्राउनसाठी दात घासणं) करायच्या आधी, भूल द्यायच्या पण आधी, पट्टी फोर्सेप्समध्ये धरून एकेका दाताच्या जोडीत ठेवायची, चावायला सांगायचं आणि ओढायची. निघाली तर 'सुटते', नाही निघाली तर 'धरते'. केसपेपरवर लिहून ठेवायचं (पहिला आकडा जबड्याची बाजू, दुसरा मधनं कितवा दात), १४ धरते, १५ धरते, १३ सुटते, २४-२५ धरते वगैरे. दोन मिनिटं लागतात. मग मॉडेल माउंट झाल्यावर (आर्टिक्युलेटरवर बसवल्यावर) त्याच दातांवर तीच पट्टी ओढून बघायची. तोंडात २४ धरत होता आणि मॉडेलवर सुटतोय, तर मॉडेल चुकीचं मिटतंय, त्यावर बनलेला क्राउन उंच येणारच, वॅक्सअप (मेणाचा क्राउन) सुरू करायच्या आधीच तुम्हाला कळलं.

पहिल्यांदा हे केलं ती केस सांगतो. ४६ चा क्राउन होता, लॅबमधनं माउंट करून मागवला, पट्टी लावली तर पुढचं काहीच धरेना, पुढचे दात जवळजवळ एक मिलिमीटर उघडे, तोंडात मात्र मस्त मिटत होते. मी म्हटलं माउंटिंग गंडलं. मग मॉडेल उन्हात नेलं, खिडकीत धरलं आणि वरच्या मॉडेलवर १७ च्या खड्ड्यात मोहरीएवढा स्टोनचा (मॉडेलच्या कडक प्लास्टरचा) मणी दिसला. अल्जिनेटमध्ये (ठसा घ्यायच्या मटेरियलमध्ये) हवेचा बुडबुडा, त्यात स्टोन भरला, झाला मणी. तो मणी मागं अडकला म्हणून सगळं आर्टिक्युलेटर उघडं. ढोबळ हिशोब असा आहे की मागं दाढेवर १ मिलिमीटर उघडलं की पुढं दातांवर साधारण २ आणि आर्टिक्युलेटरच्या पुढच्या पिनवर ३, म्हणजे पुढं जे दिसतंय त्याच्या निम्म्यानं मागं क्राउन उंच होणार होता. कार्व्हरच्या टोकानं मणी उडवला, खट्ट करून मॉडेल मिटलं, पट्टी लावली, सगळे दात धरले. माझे दोन वर्षांचे अर्धे-अर्धे तास त्या मण्यात होते राव.

म्हणजे समोरच्या जबड्याचं अल्जिनेट, ज्याला आपण 'ऑपोझिंग घे गं जरा' म्हणून असिस्टंटवर सोडतो, तेच सगळ्यात महाग पडतं. ट्रे तोंडात घालायच्या आधी बोटानं थोडं अल्जिनेट दाढांच्या खड्ड्यांत चोळा, लाळ पुसून घ्या, आणि निघाल्यावर लगेच ओता, १०-१५ मिनिटांच्या आत. ओल्या टिश्यूत गुंडाळून 'संध्याकाळी लॅबचा पोरगा येईल तेव्हा नेईल' हे नको, अल्जिनेट पाणी सोडतं आणि आकसतं, जास्त ओलं ठेवलं तर पाणी पिऊन फुगतं. मी आता ऑपोझिंग स्वतः क्लिनिकमध्येच स्टोनमध्ये ओततो, साध्या प्लास्टरमध्ये नाही, प्लास्टरचे कस्प ट्रायल घेता घेताच झिजतात.

दुसरं कारण मेण. एकट्या क्राउनला, मागं-पुढं दात शाबूत आहेत आणि मॉडेल हातात धरून घट्ट एकाच ठिकाणी मिटतंय, तर बाइटचा ठसा देऊच नका! दोन मॉडेलांच्या मध्ये काहीही घातलं की ते अंतर वाढवतं. मी आधी प्रत्येक केसला मॉडेलिंग वॅक्सचा घोड्याच्या नालासारखा बाइट द्यायचो, त्यात एप्रिल-मे, लॅबचा पोरगा डिकीत टाकून गावभर फिरणार, डिकीतली गरमी तुम्हाला माहितीय, पोचेपर्यंत बाइटचं पापड झालेलं. लॅबवाले बिचारे ते दाबून बसवतात. जिथं बाइट लागतोच तिथं बाइट रजिस्ट्रेशनचं सिलिकॉन वापरा, फक्त प्रेप केलेल्या दातावर, बाकीचे दात एकमेकांना टेकलेले दिसले पाहिजेत, आणि सेट झाल्यावर ब्लेडनं कापून फक्त कस्पच्या टोकांचे ठसे ठेवा. खोल खड्ड्यांत घुसलेलं, हिरडीवर आलेलं सगळं उडवा, सिलिकॉन स्प्रिंगसारखं उसळतं आणि मॉडेल पूर्ण बसू देत नाही.

अजून एक किरकोळ, मॉडेलची मागची टोकं, वरची ट्युबरॉसिटी आणि खालची रेट्रोमोलर पॅडची बाजू एकमेकांना अडतायत का बघा. तोंडात ते मऊ असतं, मॉडेलवर दगड. ट्रिम करून टाका.

शेवटची दाढ मात्र वेगळं प्रकरण आहे. ४७ किंवा ३७ प्रेप केला की त्या बाजूला मागं टेकूच राहत नाही, स्नायू जबडा वर खेचतात, काँडाइल (जबड्याच्या सांध्याचं टोक) थोडं बसतं आणि आपण मोजून काढलेली दीड मिलिमीटर जागा पंधरा मिनिटांत गायब. आपल्याला वाटतं आपण कमी घासलं. कागलकडचे एक ऊस उत्पादक आहेत, ४७, प्रेप झाला, टेम्पररी (तात्पुरती कॅप) लावली, आणि गळीत हंगाम सुरू झाला. टोळी आली, ट्रॅक्टर आले, माणूस सव्वा महिना गायब. मधेच टेम्पररी पडली, त्यांनी ती खिशात घालून ठेवली, आणली पण परत, कागदात बांधून! तोपर्यंत वरचा दात खाली उतरलेला. क्राउन अख्ख्या मिलिमीटरनं उंच. आता यात लॅब काय करणार आणि फेसबो काय करणार? वरचा कस्प थोडा सोडवला, प्रेप परत घासला, नवीन इम्प्रेशन. तेव्हापासून शेवटच्या दाढेला मी मागच्या कडेला मूळ दाताचं एक छोटं बेट न घासता ठेवतो, ते समोरच्या दाताला टेकलेलं असतानाच सिलिकॉनचा बाइट घेतो, मग बेट काढतो आणि तेवढ्याच जागेत सिलिकॉन परत घालतो. आणि टेम्पररीला बाइटमध्ये नीट कॉन्टॅक्ट देतो, 'टेम्पररीच आहे, खाली ठेवू' म्हणत नाही. खाली ठेवली की समोरचा दात सुट्टीवर आल्यासारखा खाली येतो.

आता फेसबो. तो एकच काम करतो, वरचा जबडा कवटीच्या, म्हणजे जबड्याच्या बिजागरीच्या मानानं कुठं आणि कसा टांगलाय ते उचलून आर्टिक्युलेटरवर ठेवतो. खालचा जबडा वरच्याला कुठं मिळतो हे त्याला काही माहिती नसतं. स्नो नावाच्या डेंटिस्टनं १८९९ च्या सुमारास आणला तेव्हापासून तो हेच करतोय. फेसबो नसला तर लॅब मॉडेल सरासरी जागेवर ठेवते, बॉनविलचा ४ इंचाचा त्रिकोण (दोन सांधे आणि पुढचे दात यांमधला) आपण पाठ केलाय तोच. आता मॉडेल दातांत दात घालून बरोबर मिटलंय आणि आपण ते उघडतच नाही, तर बिजागरी थोडी इकडं-तिकडं असली म्हणून मिटण्याची जागा बदलत नाही. बदलते कधी, तर आपण पिन उचलतो किंवा पाडतो तेव्हा. जाड बाइटवर माउंट केलं आणि मग बाइट काढून पिन खाली घेतली, किंवा झिजलेल्या दातांची बाइट वाढवायची म्हणून पिन वर केली, की बिजागरीची जागा चुकल्याचं बिल दाढांवर येतं. वाइनबर्गचं १९६१ चं गणित आहे, बिजागरी ५ मिलिमीटर चुकली आणि बाइट ३ मिलिमीटर जाड असला तर दुसऱ्या दाढेवर चूक येते साधारण ०.२ मिलिमीटर. कानात बसवायच्या फेसबोचा अंदाज साधारण ५ मिलिमीटरच्या आतला धरतात, म्हणजे पातळ बाइटवर तो पुरतो, पण लॅबमध्ये कुणीतरी नुसत्या डोळ्यानं मॉडेल टांगलं आणि ५ मिलिमीटर पिन खाली घेतली तर पुरत नाही.

म्हणून माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. एकटा क्राउन, बाजूला दात चांगले, कॅनाइन गायडन्स (बाजूला सरकताना सुळ्यानं दाढा सोडवणं) चांगला, तर मी फेसबो घेत नाही, तो वेळ ऑपोझिंगच्या अल्जिनेटवर घालवतो. एका बाजूचा लांब ब्रिज, पुढच्या सहा दातांचं काम, बाइट वाढवायची केस, फुल माउथ, तिथं फेसबोशिवाय हात लावत नाही. मधल्या केसेसना पेशंटचे जुने फॅसेट (दात झिजल्याचे सपाट भाग) बघून ठरवतो.

फेसबो घेऊनही चुका कुठं होतात ते आता माझ्याच खात्यावरनं. फोर्कवर ठशाचं कंपाउंड गरम असतानाच तोंडातनं काढला, वाकला. कस्पचे ठसे इतके खोल घेतले की मॉडेल त्यात बसेचना, नुसती टोकं उमटली की बास. ठशात डुलतंय का ते मॉडेल ठेवून बघितलंच नाही. तिसरा पॉइंट विसरलो, हनाऊ कंपनीच्या स्प्रिंगबोला डोळ्याखालचं ऑर्बिटेल लागतं आणि व्हिप मिक्सच्याला नाकाच्या मुळाशी नेझिऑन, तो सोडला की मॉडेल पुढनं वर-खाली तिरकं टांगलं जातं आणि मग तुम्ही घातलेल्या काँडाइलच्या आकड्यांना अर्थ राहत नाही. आणि सगळ्यात नेहमीचं, वरचं मॉडेल प्लास्टरनं चिकटवताना फोर्कखाली टेकू दिला नाही. ओला स्टोन, मॉडेल, प्लास्टर, सगळ्याचं वजन त्या एका स्क्रूवर, फोर्क एक-दोन मिलिमीटर खाली झुकतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही. कास्ट सपोर्ट असेल तर लावा, नसेल तर खाली लाकडी ठोकळा द्या पण काहीतरी द्या.

प्लास्टरचं पण एक आहे. साधं प्लास्टर सेट होताना ०.३ टक्क्यांपर्यंत फुगू शकतं. मॉडेल आणि आर्टिक्युलेटरच्या प्लेटच्या मध्ये ३० मिलिमीटरचा ढीग घातला तर ०.०९ मिलिमीटर, म्हणजे ९० मायक्रॉन, एकटं प्लास्टर खाऊन गेलं, आणि आपण इथं ८ मायक्रॉनची पट्टी ओढत बसलोय. दोन टप्प्यांत घाला, आधी बराचसा ढीग, तो सेट झाला की वरनं पातळ थर.

मग ती गोष्ट, जी शोधायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. मी क्लिनिकमध्ये माउंट करून प्लेटसकट मॉडेल लॅबला द्यायचो, लॅबकडं त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा आर्टिक्युलेटर होता, ते त्यांच्यावर प्लेट लावून काम करायचे. माझ्यावर पट्टी सगळीकडं धरते, त्यांच्यावर डावी बाजू सुटते. मी म्हणणार तुमचं चुकलं, लॅबवाले काका म्हणणार तुमचं चुकलं, आणि दोघंही खरं बोलत होतो. शेवटी एकदा दोन्ही आर्टिक्युलेटर पिशवीत घालून शिवाजी उद्यमनगरला ओळखीच्या एका वर्कशॉपमध्ये नेले. त्या मिस्त्रींनी आयुष्यात आर्टिक्युलेटर बघितला नव्हता, पण सरफेस प्लेटवर ठेवला, डायल लावला, एकाच्या प्लेटची उंची डावी-उजवी घेतली, दुसऱ्याची घेतली आणि म्हणाले, "डॉक्टर, ह्येच्यात आन् ह्येच्यात फरक हाय की. हे पडलंय कवातरी." पडलं होतं. लॅबच्या बेंचवरनं, दिवाळीच्या साफसफाईत. तेव्हापासून एकतर अख्खा आर्टिक्युलेटर जातो, नाहीतर फक्त फोर्क आणि ट्रान्सफर जिग (फोर्क धरायचा भाग) जाते आणि माउंटिंग ते त्यांच्याच मशीनवर करतात. प्लेट इकडून तिकडं न्यायच्या असतील तर दोन्ही मशीन एकमेकांशी कॅलिब्रेट केलेल्या पाहिजेत, 'सेम कंपनी' एवढ्यावर जाऊ नका.

आता सरकताना अडणारे. इथं सेटिंग येतं. बऱ्याच लॅबमध्ये मशीन ३० आणि १५ वर लावलेलं असतं, काँडाइलचा उतार ३० अंश, बेनेट (बाजूला सरकायचा कोन) १५, आणि ते स्क्रू कुणी वर्षानुवर्षं हलवलेले नसतात. पेशंटचा उतार त्यापेक्षा चढा असेल तर काही बिघडत नाही, तोंडात दाढा अजूनच लांब सुटतील. पण पेशंटचा उतार २० आणि मशीन ३० वर, तर लॅब मशीनवर सुटतायत म्हणून कस्प उंच ठेवणार आणि तोंडात ते अडणार. म्हणजे शंका असेल तेव्हा मशीन थोडं सपाट लावायला सांगायचं, मी २० सांगतो. मोठ्या केसला ५-६ मिलिमीटर पुढं जबडा आणून प्रोट्रुजिव्ह बाइट घेतो आणि त्यावर आकडा लावतो.

पुढच्या दातांना तर आकड्यानं भागत नाही. तालमीतली पोरं येतात, पुढचा दात तुटलेला, कधी दोन. अशा वेळी टेम्पररीवर हवा तो आकार, लांबी, बोलणं, सरकणं सगळं आधी जमवून घ्यायचं, आठवडा-दोन आठवडे तो पोरगा त्याच्यावर जेवला पाहिजे, टेम्पररी तुटली नाही सुटली नाही, की त्या टेम्पररीचं मॉडेल काढून आर्टिक्युलेटरवर पिनखाली पॅटर्न रेझिनचं कस्टम टेबल बनवायचं. पिन त्या मऊ रेझिनमध्ये सगळीकडं सरकवली की त्याच्या चावण्याची वाट त्यात कोरली जाते, लॅबला नंतर अंदाज करावा लागत नाही. हे फेसबोशिवाय करू नका, इथं त्याचे पैसे वसूल होतात.

स्कॅनरवाले म्हणतील आमच्याकडं हे काही नाही. आहे की! बाइट स्कॅन करताना गालात कॅमेरा घातला की पेशंट जबडा तिरका करतो, आणि लांब आर्चचं (दातांच्या ओळीचं) स्कॅन मागं हळूच वळतं. स्क्रीनवरचे कॉन्टॅक्टचे रंग आणि तोंडातली पट्टी जुळवून बघा, बाकी सगळं वरचंच.

लॅबच्या स्लिपवर मी आता शेडच्या (दाताच्या रंगाच्या) खाली तीन ओळी लिहितो, कुठले दात धरतात, कुठले सुटतात, पिन शून्यावर का किती वर, आणि काँडाइल किती. सुरुवातीला काका वैतागले, "डॉक्टर, एवढं कुणी लिहीत नाही." मग त्यांना शिमस्टॉकचं एक पाकीट नेऊन दिलं आणि दोन केस समोर बसून करून दाखवल्या. परवा ३६ ची केस परत आली, कामाला हातच लावलेला नाही, स्लिपच्या मागं पेन्सिलनं लिहिलंय, "२४ धरत नाही, २७ वर मणी आहे. अल्जिनेट परत घ्या."